गोंदणाचे हात

आधी अंगठा समोरच्याच्या खांद्यावर टेकवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “हितं साठलंय.” ओळख नसली तरी मालिश करणाऱ्या मावशीचं काही अडायचं नाही. तुम्हीही खांदा पुढे केला असता. मी तर रोज करायचो.

बदनापूरच्या पुढे माळावर एका श्रीमंत घराने गोल्फचं मैदान आणि आलिशान रिसॉर्ट काढलं होतं. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी तिथे रिसेप्शनवर होतो. मावशी आसपासच्या गावांत बाळंतिणींना तेल लावायची, बाळांना न्हाऊ घालायची. मालकांच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं तिनेच काढलेली. पुढे सूनबाईंनी रिसॉर्टात स्पा सुरू केला तेव्हा तिला तिथे आणलं, गणवेश दिला. मालिश सुरू झाली की पन्नास मिनिटांनी घंटा वाजायची. मावशी ती कानाआड करायची. “अंग अजून मोकळं झालं न्हाई,” म्हणत आणखी तेल ओतायची. पाहुणे खूश, सूनबाई धुसफुसत.

मग फाट्यावर रिसॉर्टची मोठी पाटी लावायचं ठरलं. तिच्यावर पाहुण्याच्या पाठीवर टेकलेले मावशीचे हात असणार होते. तिच्या दोन्ही मनगटांवर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. लहानपणी केदारखेड्याला आईने मांडीवर घेऊन ते गोंदवलं होतं. मालिशही आईनेच शिकवलेली. फोटो काढून झाल्यावर ती माझ्याकडे आली.

“गोंदण बराबर दिसंल ना, भाऊ? मायला आणून दाखवायचंय.”

दिसेल की, मी म्हणालो.

छपाईआधी नमुना आला. सूनबाईंनी मनगटावर बोट ठेवलं. हे हिरवे डाग काढायला सांगा, पाहुण्यांना घाण वाटेल, म्हणाल्या. घाण! त्यांची दोन्ही लेकरं याच हातांनी चोळून मोठी केली, तेव्हा कुणाला डाग दिसले नव्हते. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मात्र ते अगदी जागेवर होतं. मी ‘मनगटांवरचे डाग काढा’ अशी चिठ्ठी लिहून छापखान्यात पाठवली.

पाटी लागली त्याच आठवड्यात मावशी आईला एसटीने घेऊन आली. पाहुण्यांची गाडी यायची होती म्हणून मीही फाट्यावर उभा होतो. भर उन्हात म्हातारीने कपाळावर हात धरून वर पाहिलं. मग लेकीचं मनगट हातात घेतलं, पुन्हा वर पाहिलं.

“हे तुहे न्हाईत, बाई.”

मावशी माझ्याकडे आली. “भाऊ, माही तुळस कुठं गेली?”

छपाईत उडाली असेल, मी म्हणालो.

तिने अंगठा माझ्या खांद्यावर टेकवला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

“हितं साठलंय,” ती म्हणाली, आणि न दाबताच हात काढून घेतला.

ती पुन्हा कामावर आली नाही. मी नोकरी सोडली नाही. पाटी बरीच वर्षं टिकली, आणि रोज सकाळी त्या कोऱ्या मनगटांखालून मी कामाला जात राहिलो.