ऊन फिरतंय, चाल भो

नानांना बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि त्याला कारण मी होतो. एरवी ते चहासुद्धा उभ्यानं घ्यायचे, आणि बशी रिकामी व्हायच्या आत निम्मे दाराबाहेर असायचे. जळगावकडचा माणूस, सिल्वासात आमच्या पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यात माझे वरिष्ठ. मशीनच्या रांगांमधून आठ तास चालायचे आणि सुट्टीच्या दिवशी, विश्रांती म्हणून, कुठल्या तरी वनस्पतिबागेत आठ तास चालायचे. गळ्यात कॅमेरा, काखेत पाण्याची बाटली आणि तोंडी एकच वाक्य: "ऊन फिरतंय, चाल भो."

हा भो म्हणजे मी. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मी नाशकाहून नुकताच आलेला, सिल्वासाजवळ सामरवरणीच्या खोलीत रविवारी भिंतीकडे बघत पडणारा. झाडांचे मला दोनच प्रकार कळत: आंबा, आणि आंबा नसलेलं. पण काकू, म्हणजे नानांची बायको, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायच्या. त्या डब्यामागं मी काशीलाही गेलो असतो.

नानांचा एक नेम होता. आधी झाडाच्या पाटीचा फोटो, मग झाडाचा. नाव विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये, असं ते म्हणत. अल्बममध्ये डाव्या खिशात पाटी, उजव्या खिशात झाड. पाटी नसेल तर झाड कितीही देखणं असो, कॅमेरा वर होत नसे. दादऱ्याची बाग घराजवळ असून ते तिकडं फिरकत नसत. तिथं येणाऱ्यांना शूटिंगला आलेल्या नटांची नावं पाठ असतात, झाडाचं एक सांगता येत नाही, ही त्यांची तक्रार. फोटोत माणूस आलेला त्यांना खपत नसे. तरी त्यांच्या अल्बममध्ये माझं कोपर चार ठिकाणी आणि चप्पल एका ठिकाणी आहे.

त्यांचा जीव अडकला होता मुंबईच्या एका जुन्या बागेतल्या श्रीताडात. पूर्वी लहान मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बजरबट्टू बांधत, ते या झाडाचं बी. हे झाड जन्मात एकदाच फुलतं आणि मग मरतं. नाना नऊ वर्षं दर हिवाळ्यात त्याच्या बुंध्याशी जाऊन वर बघून येत होते. तिथल्या माळ्याकडं त्यांनी स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं देऊन ठेवली होती. एके दिवशी त्यातलं एक आलं. "तुरा आला. लवकर या." रजेचा अर्ज नानांनी माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहिला.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. झाडाच्या माथ्यावर पिवळट पांढऱ्या फुलांचा डोंगर उभा होता. नानांनी नेमाप्रमाणं आधी पाटीचा फोटो घेतला, आणि नेमका तिथं रोल संपला. एरवी ते रोल स्वतः चढवत. पण त्या दिवशी त्यांना माळी गाठायचा होता, शिडी मागायची होती, लांबून तुरा कसा दिसतो तेही बघायचं होतं. त्यांनी विचारलं, जमेल का? मी म्हणालो, "नाना, दिवसभर बॉबिनवर धागा चढवतो मी. ही तर पट्टी."

आता आमच्या खात्याची रीत अशी की नवीन बॉबिन आली की आधी धाग्याचं वेडंवाकडं टोक कापून टाकायचं, मगच धागा ओवायचा. कात्री खिशातच असते. फिल्मचं तोंड जिभेसारखं निमुळतं निघालं. कुणीतरी गचाळ कापलंय, असं म्हणून मी ते सरळ छाटलं. मग ते खाचेत बसेना. दुमडून कोंबलं, झाकण लावलं, आणि स्वतःच्या कौशल्यावर खूश झालो.

नानांनी शिडीवरून, जमिनीवर आडवं होऊन, पार रस्त्यापलीकडून फोटो काढले. आकडा छत्तीसवर आला. कॅमेरा माझ्या हाती देऊन ते पुन्हा झाडाखाली गेले. मी रोल गुंडाळायला घेतला. दोनच वेढे झाले आणि चक्री मोकळी फिरायला लागली. हाताला काही लागेचना.

पट्टी आत पुढं सरकलीच नव्हती. मला कळलं. अगदी त्याच क्षणी कळलं. पिशवीत आणखी एक रोल होता, आणि ऊन अजून तासभर होतं. पण नाना तोंड वर करून हसत उभे होते, आणि मघाशी मी बॉबिनची फुशारकी मारलेली. मी रोल काढून डबीत टाकला आणि भाकरीचा डबा उघडला.

पुढचे आठ दिवस मीच नाना झालो. बसवेना, जेववेना. मशीनवर धागे तुटत होते आणि मी भलत्याच रांगेत धावत होतो. वापीच्या स्टुडिओत आम्ही दोघं गेलो. मालकानं पट्टी उजेडात धरली आणि म्हणाला, "नानाभाई, आ तो कोरी छे."

नाना स्टुडिओच्या पायरीवर बसले. बराच वेळ बसले. मग एवढंच विचारलं, "गुंडाळताना कळलं नव्हतं का रे?"

"नाही," मी म्हणालो.

पुढची रजा मिळेपर्यंत फुलं झडून गेली होती. तरी नाना जाऊन आले, आणि पुढच्या वर्षी मरायला टेकलेल्या झाडाखालून खिसाभर बजरबट्टू घेऊन आले. एक बी त्यांनी सामरवरणीला, माझ्या खोलीमागं लावलं. पाटीही स्वतः रंगवली. झाड उगवायच्या आत.

नव्वदीच्या दशकात ते निवृत्त होऊन जळगावला निघाले. सामान टेम्पोत चढत होतं आणि ते टेम्पोभोवती फेऱ्या घालत होते. जाताना त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि तो अल्बम दिला. श्रीताडाच्या पानावर डावीकडं पाटी होती. उजवा खिसा रिकामा.

"गुंडाळताना हाताला ओढ लागते भो," ते म्हणाले. "नाही लागली तर तिथंच बोलायचं. ऊन असतं तोवर."

मी तोंड उघडायच्या आत टेम्पो सुटला. पुढं पत्र लिहीन म्हटलं, आणि लिहिलं नाही. मग एके दिवशी काकूंचंच आलं, नाना गेल्याचं.

खोलीमागचं झाड आता दुमजली घराच्या वर गेलंय. फुलायला आणखी वीस वर्षं लागतील, नाहीतर पुढच्या महिन्यातही फुलेल. कॅमेऱ्यात रोल चढवलेला आहे. तोंड न कापता. रोज दुपार कलली की खुर्चीतून उठतो, मागं जाऊन वर बघतो, परत येतो. बसवत नाही.