धक्क्यावरचं लाल कापड

मावशीचा उजवा पाय स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. शिलाई मशीन बंद असली तरी जेवताना, बोलताना तो जमिनीवर पायडल मारतच असायचा. काका, म्हणजे तिचे यजमान, बेटावरच्या बर्फाच्या कारखान्यात फिटर. ते म्हणायचे, "हिला एक पट्टा जोडला तर आमचा कारखाना विजेशिवाय चालेल."

दर सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो. बेट एवढंसं, की भांडून बाहेर पडलेला माणूस अर्ध्या तासात चक्कर मारून मागच्या दाराने घरात यायचा. मावशी असं बऱ्याचदा यायची. मला दोन दिवस मजा वाटायची. मग त्याच गल्ल्या, तीच दुकानं, कुठेही वळलं तरी समोर पाणी. मी बोटीची वाट बघत बसायचो. मावशीही बसायची, पण माझ्या खिशात परतीचं तिकीट असायचं.

बोट आमच्याकडे आपणहून थांबत नसे. सकाळी ती पलीकडच्या मोठ्या बेटावरून शहराकडे जायची, दुपारी शहराकडून परत मोठ्या बेटाकडे. कोणाला चढायचं असेल तर धक्क्यावरच्या खांबाला लाल कापड बांधायचं. ते दिसलं तर बोट वळायची, नाहीतर भोंगा वाजवून पुढे. म्हणून कप्तानाचं नावच भोंगा पडलं होतं.

मावशीचं घर धक्क्याला लागून. शाळेचे गणवेश तीच शिवायची, आणि गणवेश होता लाल. बेतण्याआधी ती कापड पाण्यातून काढायची, नाहीतर पहिल्या धुण्यातच सदरे आखडायचे. वारा चांगला म्हणून वाळत घालायची धक्क्यावर. झालं! भोंगा बोट वळवून आणायचा आणि चढायला कोणीच नाही.

"ताई, हा धक्का आहे की तुमची गच्ची?"

"माझी गच्ची असती तर तुला येऊ दिलं असतं का?"

"यापुढे तुमच्या कापडाला मी थांबायचा नाही. सांगून ठेवतो."

मी तेव्हा डिप्लोमाला होतो. खांबावर सिग्नलचा दिवा कसा बसवता येईल ते मोठ्या उत्साहाने कागदावर काढून दाखवलं. "छान आहे," मावशी म्हणाली, "पण मग कापड वाळत कुठे घालू?"

त्याच सुट्टीत शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यातून निरोप आला. कापड बेतायला माणूस हवा होता आणि मावशीने पाठवलेले नमुने पसंत पडले होते. सोमवारी दुपारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला. राहायला शहरात आमचं घर होतंच. काका हातातला पाना पुसत राहिले. "अशी किती वेळा निघालीस," एवढंच म्हणाले. खोटं नव्हतं. ती बॅग भरायची, आणि सकाळी तिला कोणाचा तरी अर्धवट सदरा आठवायचा.

रविवारी सकाळी मात्र ती खरंच धक्क्यावर उभी राहिली. मी खांबाला कापड बांधलं. बोट दिसली, भोंगा वाजला, आणि बोट सरळ पुढे निघाली.

"अरे, मी आहे! वाळवण नाही, मी आहे!" मावशी धक्क्याच्या टोकापर्यंत धावली. भोंग्याने लांबूनच हसत हात हलवला.

"उद्याच्या बोटीने जा," काका म्हणाले. "मी चहा टाकतो."

चहा तसाच राहिला. मावशीने बॅग उघडली, बंद केली. मशीनवर चादर टाकली, काढली. शेवटी उरलेलं सगळं लाल कापड भिजवलं आणि धक्क्यावरच्या दोरीवर वाळत घातलं.

दुपारी पिठाची पोती उतरवायला बोट लागली. सगळं ऐकून भोंग्याने जीभ चावली. "चुकलो ताई. उद्यापासून कसलंही लाल कापड दिसू दे, थांबणार म्हणजे थांबणार!"

"तू थांबशील रे. पण आज रात्री घरी झोपले तर उद्या मीही थांबेन, त्याचं काय?" असं म्हणून ती बोटीत चढलीसुद्धा.

"मावशी, ही उलट्या दिशेला चाललीय!"

"जाऊ दे. सकाळी इथूनच शहराकडे जाईल ना?"

काकांनी बॅग वर दिली.

सोमवारी मला जाग आली तेव्हा काका धक्क्यावर होते. दोरीवरचं कापड भराभर ओढून काढत होते.

"काका, दवाने ओलं झालंय. वाळू द्या की."

"धर इकडून. त्या गाढवाने शब्द दिलाय, कापड दिसलं की वळवेल बोट. आणि ही उतरेल."

भोंगा वाजला. बोटीचा वेग कमी झाला. काकांनी ओला गठ्ठा पाठीमागे लपवला आणि तसेच उभे राहिले. पाठीमागून शर्ट ओला होत होता. बोटीने क्षणभर वाट पाहिली आणि ती शहराच्या दिशेने निघाली. कठड्याशी मावशी उभी होती.

"तुझी नजर चांगली आहे. पाय हलतोय का रे तिचा?"

"एवढ्या लांबून दिसत नाही, काका."

"हलत असणार," ते म्हणाले, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी गठ्ठा पुढे घेतला नाही.