खाटेखालचं चुंबक

सकाळी वॉर्डात शिरले, तर परवाच ऑपरेशन झालेल्या जवानाची आई त्याच्या खाटेखाली वाकून दोऱ्याला बांधलेलं चुंबक फरशीवरून फिरवत होती. मी रागवायलाच निघाले होते.

"काय शोधताय, मावशी?"

"ब्लाउज शिवते ना मी, सिस्टर. हा रांगायचा तेव्हा रोज घरभर असं फिरवायचे. एखादी टाचणी टोचली असती त्याला."

परवा ऑपरेशनला मी होते. धडधडत्या हृदयावर सर्जननी चुंबकाची बारीक दांडी धरली, तसा आत रुतलेला स्फोटातला लोखंडी तुकडा हलला आणि तेवढीच जागा किंचित वर उचलली गेली. हरभऱ्याएवढं लोखंड ते. निघालं, टाके पडले, आणि हृदय आपलं चालतच राहिलं.

टोचू नये म्हणून आई आधी जमीन चाचपून ठेवते. पोरगं मात्र एक दिवस इतकं लांब जातं, की तिथली जमीन कुणीच चाचपलेली नसते.

"पण इथं कुठल्या टाचण्या, मावशी?"

"असू दे. आज तो पहिल्यांदा उठून चालणार आहे ना?"

मी वाकले आणि तिच्या वाटेतल्या त्याच्या चपला उचलून धरल्या.