बोल्ट अडकत होता

लोणी काळभोरला उपनिरीक्षक असताना हाताळलेलं ते प्रकरण इतक्या वर्षांनीही मनातून गेलेलं नाही. सकाळच्या हजेरीलाच एका शेतकऱ्याला ट्रॅक्टरमधून ठाण्यात आणलं. चेहरा रक्तबंबाळ. "चुलतभावानं गोळी घातली," असं त्याचा धाकटा भाऊ ओरडत होता. जखमीला रुग्णालयात पाठवलं, चुलतभावाला ताब्यात घेतलं.

"बांधाचं भांडान हाय, सायेब. पर म्या गोळी न्हाय झाडली," एवढंच तो सांगत राहिला.

पंचनाम्यात जखमीचीच परवान्याची रायफल उसात सापडली. मागून फुटलेली. रानडुकरांपासून पीक राखायला त्याने ती घेतली होती. त्याच्या बायकोने मला बाजूला घेतलं. "आठ दिस झालं, गोळी उडाली की बंदुकीचा मागचा खटका, बोल्ट, अडकायचा. लाकडानं ठोकून उघडायचे." तिने काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा डबाही काढून दिला.

तो डबा मी मुख्यालयातल्या शस्त्रागाराच्या हवालदारांपुढे ठेवला. हे गृहस्थ बोलायला कंजूष, पण हत्यारांतले जाणकार. त्यांनी भिंग लावलं.

"पुंगळीच्या बुडाची, ठिणगी पाडणारी ही कॅप बघा, साहेब. कडा गोलसर हवी. ही इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झालीय. शेजारी हा चकचकीत ठसा. दाबानं पितळ बोल्टच्या भोकात घुसलंय. त्यात बोल्टही अडकत होता. घरी भरलेली काडतुसं आहेत ही, आणि दाब प्रमाणाबाहेर. गोळी कोणी घातली नाही. रायफलच फुटली."

मी रुग्णालय गाठलं. काडतुसं कोण भरून देतं, विचारलं. जखमीने मान फिरवली.

"तुमचा चुलतभाऊ कोठडीत बसलाय," म्हटल्यावर त्याला हुंदका फुटला. शनिवार पेठेतल्या एका निवृत्त प्रयोगशाळा सहायकाचा पत्ता मिळाला.

हवालदारांना सोबत घेऊन गेलो. सहायकांनी दार उघडलं, आमच्या वर्दीकडे पाहिलं. "चहाला आला नसालच आपण."

चौकशीत गडी वाकेना. "तीस वर्षं वजनं केलीत. माझा काटा चुकत नाही."

हवालदारांनी पुंगळी आणि भिंग त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी भिंगातून पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

"काडतुसात भरायची नेहमीची दारू संपली होती. दुसरी मिळाली, जास्त जोराची. वजन मात्र मी जुन्याच दारूचं धरलं."

"अजून कोणाला दिलीत?"

"एका नेमबाज मुलीला. आज सराव आहे तिचा."

आम्ही जीप हाणली. मैदानावर पोचलो तेव्हा तिची एक गोळी झाडून झाली होती आणि अडकलेल्या बोल्टवर ती लाकडी हातोडी उगारत होती.

"थांबा! हात लावू नका!" मी धावतच ओरडलो.

हवालदारांनी जपून पुंगळी काढली. तीच सपाट कॅप, तोच ठसा. उरलेली एकोणीस काडतुसं मुद्देमालात जमा झाली तेव्हा हवालदार आणि मी सुटकेने हसत होतो. पुढची गोळी कदाचित तिचा चेहरा घेऊन गेली असती.

चुलतभावाला त्याच संध्याकाळी सोडलं. शेतकऱ्याचा डोळा वाचला. घरी परतताना तो आधी ठाण्यात आला, चुलतभावाला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात पडला. विनापरवाना काडतुसं भरणाऱ्याला न्यायालयाने शिक्षा दिली.

त्या दिवसापर्यंत मी साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारायचो, "काय झालं?" त्यानंतर निवृत्त होईपर्यंत विचारत आलो, "त्याच्या आधी काय बिघडलं होतं?"