पहिल्या गिअरवर रण आणि जंगल

भीतीचं एक बरं असतं, ती घरी सुखरूप आणली की तिचा किस्सा होतो. सुरतेत आमच्या नवागामच्या बागेत सकाळी आम्ही चौघीजणी चालायला जातो. म्हणजे एक चक्कर चालतो आणि बाकीचा वेळ बाकावर बसतो. तिथे आमच्या सहलीतलं एकेक मी सांगत गेले आणि बायका पोट धरून हसत गेल्या. घडत होतं तेव्हा मला एकदाही हसू आलं नव्हतं. मी मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, पोरं मला टरकायची, पण मी स्वतः जन्माची भित्री. पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, आणि गेल्या वर्षी यांच्या हृदयात स्टेंट बसवल्यापासून यांच्या झोपेलाही घाबरते.

*

हे लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्टर होते. निवृत्त झाल्यावर यांना घरासारख्या गाडीतून फिरायचं वेड लागलं. आधी कच्छचं रण, मग कर्नाटकातल्या घाटातलं पावसाचं जंगल. दवाखान्यातून आल्यावर वेड उतरेल असं वाटलं होतं, ते वाढलं. कामरेजच्या एका गॅरेजमधून यांनी एक जुनी गाडी तयार करून आणली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. रंग नवा पांढरा, पण उन्हात उभी केली की खालून लाल पट्टा दिसायचा.

"अहो, ही अँब्युलन्स आहे."

"होती."

"असल्याच गाडीतून तुम्हाला नेलं होतं मी."

"तेव्हा आडवा होतो, बाहेरचं काही दिसलं नाही," हे म्हणाले. "आता बसून बघतो."

जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी मी माझ्या पर्समध्ये ठेवली. यांच्या खिशात ठेवली की ती शर्टाबरोबर धुतली जाते, हा अनुभव होता.

*

गाडीची ट्रायल घ्यायला आम्ही बारडोलीला गेलो. शेगडी हलत होती म्हणून ती धरून मी मागे बसले. प्रत्येक खड्ड्याला मला यांची छाती आठवायची. पदर तोंडाला लावून मी देवाचं नाव घेत होते. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने लाल पट्टा बघितला, खिडकीतून मला बघितलं, ट्रॅक्टर पार कडेला घेतला, टोपी काढली आणि हात जोडले.

यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून त्याला उलट नमस्कार केला. तो माणूस बराच वेळ वळून बघत होता.

*

इथे जरा मागची गोष्ट सांगायला हवी. लग्नानंतर पहिल्यांदा मी यांचा डबा घेऊन खात्यात गेले, तर हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नुसते हातवारे. मी घरी येऊन रडले. सासूबाई म्हणाल्या, "लूमना आवाजमा कोण बोलस व? हात शिकी ले."

मग शिकले. मूठ वर म्हणजे मशीन बंद कर. बोट गोल फिरवलं म्हणजे चालू आहे, ठीक आहे. दोन बोटं जुळवून झटक्यात लांब केली म्हणजे धागा तुटला, थांब, जोडून येतो. पुढे आम्ही भांडणंही हातांनीच करायला लागलो. शेजाऱ्यांना वाटायचं, काय समजूतदार जोडपं आहे.

*

रणात पोचलो तेव्हा दुपार होती. यांनी इंजिन बंद केलं आणि पलंगावर आडवे झाले. बाहेर पांढरं मीठ, आकाश, आणि आवाज म्हणून कसलाच नाही. लोक म्हणे या शांततेसाठी लांबून येतात! आमच्या घराच्या भिंतीपलीकडे दिवसरात्र लूम चालतात. ती खटखट थांबली की बायका ओट्यावर येतात, कारण एक तर लाइट गेलेली असते, नाहीतर कुणाचा हात मशीनमध्ये गेलेला असतो.

हे डोळे मिटून पडून होते. मास्टर लोक लूमवर तळवा ठेवून बिघाड ओळखतात, तसा मी यांच्या छातीवर तळवा ठेवला. बराच वेळ मला काही कळेना. मग डोळे न उघडताच हे म्हणाले, "चालू शे."

*

दुसऱ्या दिवशी मिठाचा पापुद्रा फुटून मागचं चाक चिखलात गेलं. चाकाखाली काहीतरी घाल, हे म्हणाले. आमच्याकडे काय असणार? सुरतेहून निघालेला माणूस वाटेत द्यायला साड्या घेतोच. माझ्याकडे बारा होत्या, सगळ्या पॉलिस्टर. त्यातल्या अकरा चाकाखाली अंथरल्या. यांनी गाडी रेटली, चाक जागच्या जागी फिरलं आणि अकराच्या अकरा साड्या अॅक्सलला गुंडाळल्या गेल्या.

ज्या माणसाने आयुष्यभर गुंतलेले धागे सोडवले, तो कात्री घेऊन गाडीखाली गेला. मला फक्त पाय दिसत होते. छातीचा पेशंट उताणा चिखलात पडलेला, आणि दूरदूर माणूस नाही. "अंगठा हलवा," मी दर मिनिटाला सांगायची. अंगठा हलायचा. एकदा हलला नाही तेव्हा मी पाय धरून ओढला, तर कात्री यांच्या कपाळाला लागली.

शेवटी गुरं राखणाऱ्या एका मालधारी जोडप्याने ट्रॅक्टर आणून गाडी ओढली. उरलेली एक साडी मी त्या बाईच्या हातात दिली. तिने पदर बोटांत चोळून बघितला, आमच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाली, "सुरतनी छे ने? सरकी जाय."

*

त्यानंतर हे म्हणाले, "तुला गाडी यायला हवी. मला काही झालं तर?" असं बोलतात का? पण माझ्याही मनात तेच होतं. लर्निंग लायसन्स काढलेलं होतंच. टणक जमिनीवर यांनी मला बसवलं. "इथे धडकायला काहीच नाही. पहिला गिअर टाक, आणि काही झालं तरी पाय काढू नको, म्हणजे बंद पडणार नाही."

मी पाय काढला नाही. अख्ख्या रणात एकच बोर्ड होता, पुढे रस्ता नाही असा. तो मी पाडला.

"पाय काढू नको म्हटलं होतं," हे उतरून बोर्ड उभा करत म्हणाले, "डोळे मिटून घे असं कुठे म्हटलं होतं?"

*

हा शेवटचा प्रसंग मी बागेत अजून सांगितलेला नाही.

घाटातलं जंगल. सकाळचे दहा वाजलेले, पण झाडांखाली अंधारल्यासारखं. पाऊस, जळवा, आणि रस्त्यावरून वाहणारा एक ओढा. किती खोल आहे बघतो म्हणून हे काठी घेऊन उतरले. गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले आणि तिथल्या दगडावर बसले. छातीवर हात होता.

मी हाका मारल्या. पाण्याचा आवाज थेट खात्यातल्यासारखा, काही ऐकू जाईना. मी बोट गोल फिरवलं. चालू आहे ना?

यांनी दोन बोटं जुळवली आणि लांब केली. धागा तुटला. थांब, जोडून येतो.

डबी माझ्या पर्समध्ये होती. मी पलीकडच्या सीटवर सरकले आणि पहिला गिअर टाकला. यांची मूठ वर गेली. बंद कर. मग दोन्ही मुठी वर गेल्या. यांची मूठ वर गेली की अख्खं खातं थांबायचं. मी पाय काढला नाही. डोळेही मिटले नाहीत, पाणी दाराला लागलं तरी.

पलीकडे पोचून गोळी यांच्या जिभेखाली ठेवली, यांना कसंबसं पलंगावर चढवलं आणि घाट उतरायला लागले. पावसाने वरचा रंग पार धुतला होता. लाल पट्टा बघून समोरच्या गाड्या बाजूला होत होत्या. मागे काय चाललंय ते इंजिनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. रडू येत होतं आणि रडायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात आरशात मागून एक हात वर आला आणि बोट गोल फिरलं. थोड्या वेळाने पुन्हा. प्रत्येक वळणाला मी आधी आरसा बघितला, मग रस्ता.

गावातल्या दवाखान्यात यांना आत घेतलं तरी बोट फिरतच होतं. नर्स सुई घेऊन आली. "अंकल, हाथ मत हिलाइए," ती म्हणाली.

यांनी तो हात सरळ ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट फिरवायला लागले.