रफीदीमची अर्धी बाटली

रफीदीमला इस्राएली लोकांनी तळ दिला, तिथे प्यायला पाणी नव्हतं आणि लोक मोशेवर उलटले. बायबलमधली ही गोष्ट मुलीला खऱ्या वाळवंटात तंबू ठोकून सांगायची, ही कल्पना माझीच. एप्रिलमध्ये कुणी कॅम्पिंगला जातं का, असं बायकोने विचारलं होतं. पण नगरहून आलेल्या सासूबाईंचा व्हिसा मेमध्ये संपत होता, आणि दहा वर्षं ओमानात काढून मी स्वतःला वाळवंटातला जाणकार समजत होतो.

तंबू गाडीतच राहिला, कारण गाडीच रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबत गेलो, चाकं आणखी खाली गेली. भर दुपार, फोनला रेंज नाही. पाणी काढायला डिकी उघडली आणि मला गाला या औद्योगिक भागातलं गॅरेज आठवलं. टायर बदलताना पाण्याचे बॉक्स मीच उतरवून भिंतीशी ठेवले होते. हवा भरायचा पंप त्यांच्यावर, विसरू नये म्हणून.

उरली होती अर्धी बाटली.

बायकोने बाटलीचं झाकण घट्ट केलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. सासूबाईंना ब्लड प्रेशर, म्हणून पहिला घोट त्यांना. मग मुलीला. मुलगी मघापासून सांगत होती, "बाबा, स्कूल कॅम्पला गाडी रुतली तेव्हा ड्रायव्हर अंकलनी टायरची एअर काढली होती." पंप नाही, मग घरी कसं जाणार, म्हणून मी तिला गप्प केलं आणि हातांनी वाळू उपसत राहिलो.

दुसऱ्या खेपेला मी नीट पाहिलं. सासूबाईंनी बाटली तोंडाला लावली, तोंड पुसलं, पाणी मात्र तेवढंच.

"आई, तुम्ही प्यायलाच नाहीत."

"मोशेला लोक दगड मारायला निघाले होते, जावईबापू. आम्ही गप बसलोय. आता पोरीचं ऐका."

किल्लीच्या टोकाने मी चारही चाकांची हवा काढली. तिसऱ्या प्रयत्नात गाडी मागे सरकली, आणि बसक्या टायरांवर रांगत आम्ही पेट्रोल पंप गाठला. तिथल्या दुकानात सासूबाईंनी उभ्याउभ्या एक बाटली संपवली. मग त्यांच्या तोंडावर रंग आला. दुसरी त्यांनी माझ्या हातात दिली.

"तुम्हीही प्यायला नव्हता. मला दिसतं सगळं."

खरं म्हणजे डिकीच्या आड मी एक मोठा घोट घेतला होता. त्यांना ते मी आजवर सांगितलेलं नाही.