ट्रेलर कापणारा जावई आणि माझे संशयी बाबा

माझ्या बाबांनी आयुष्यात एकाही ट्रेलरवर विश्वास ठेवला नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, दक्षता विभागात. आमचं बालपण दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. रिटायर झाल्यावर ते आणि आई दिल्लीतच द्वारकेला राहायला आले. नोकरी संपली, पण संशय घेणं काही संपलं नाही. तो सगळा ट्रेलर्सवर निघायचा.

नवीन ट्रेलर आला की मला ऑफिसात फोन.

"पल्लवी, पाहिलास? नायकाची आई सारखी हसतेय. म्हणजे इंटरव्हलपर्यंत गेली ती."

"बाबा, मीटिंगमध्ये आहे."

"आणि नायिकेला एक वाक्य नाही. काहीतरी लपवतायत."

काहीतरी लपवतायत. हे त्यांचं प्रत्येक ट्रेलरचं फर्स्ट इम्प्रेशन.

अशा माणसाला मी एक दिवस सांगितलं की मला लग्न करायचंय, आणि मुलगा ट्रेलर एडिटर आहे.

अनिकेत पुण्याचा. नोएडाच्या एका स्टुडिओत काम करायचा. तो कोणत्या जातीचा, हे बाबांनी विचारलं नाही. ते विचारतील म्हणून आई आणि मी केवढी तयारी करून बसलो होतो.

अनिकेत घरी भेटायला आला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, "म्हणजे नक्की काम काय?"

"पूर्ण पिक्चर बघून त्यातलं चांगलं निवडायचं, काका. लोक थिएटरला यावेत म्हणून."

"आणि वाईट असेल ते?"

"ते ठेवायचं नाही."

"अच्छा," बाबा म्हणाले.

बाबांचा 'अच्छा' ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल.

तो गेल्यावर मला म्हणाले, "बेटा, ज्याचा धंदाच बरं तेवढं दाखवायचा, त्याचं बाकीचं तू कधी बघणार? लग्नानंतर?"

मी रडले. आई त्यांच्याशी बोलेना. बाबा हलले नाहीत. एवढंच म्हणाले, त्याने केलेल्या ट्रेलरचा पिक्चर लागू दे, आधी तो बघू.

पिक्चर लागला. बाबा, अनिकेत आणि मी द्वारकेतल्याच मॉलमध्ये गेलो. मी मध्ये बसले होते.

पिक्चर भयंकर होता.

इंटरव्हलला बाबांनी माझ्यावरून वाकून त्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, हा असा आहे?"

मला वाटलं, आता हा काहीतरी गोड बोलेल.

"हो काका."

"मग ट्रेलर एवढा चांगला कशाला केलात?"

"नोकरी आहे. पण दोन वेगळ्या सीनमधली वाक्यं जोडून भलताच अर्थ काढायला सांगत होते. ते मी केलं नाही. त्यावरून भांडण झालं."

घरी येऊन बाबांनी चष्मा लावून फोनवर तोच ट्रेलर थांबवत थांबवत पाहिला. पुन्हा पुन्हा. मग अनिकेतला फोन लावला.

"ते विहिरीचं दृश्य पिक्चरमध्ये कुठे होतं?"

"नंतर काढून टाकलं, काका. मी ट्रेलर दिला तेव्हा होतं."

"अच्छा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मला म्हणाले, "मुलगा स्वतःहून सगळं सांगणार नाही. पण विचारलं तर खरं सांगतो. तू विचारत जा."

हीच त्यांची परवानगी. लग्न झालं.

मग मागच्या वर्षीचं आजारपण.

पोटात दुखतंय म्हणून ॲडमिट केलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ आहे, पसरली आहे, आता फार काही करता येणार नाही.

पुण्याला राहणारा माझा दादा आला होता. त्याने तिथेच ठरवलं, "बाबांना सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणू. ते खचतील."

आम्ही सगळ्यांनी मान हलवली. अनिकेतने हलवली नाही, पण तो गप्प राहिला.

दोन दिवस आम्ही बाबांशी फार प्रेमाने वागलो. दादा विनोद सांगत होता. आई सफरचंद कापून देत होती. बाबा एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मग म्हणाले, "तुम्ही सगळे कॅन्टीनमध्ये चहा घेऊन या. अनिकेतराव थांबतील."

मी दाराबाहेरच थांबले.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

अनिकेतने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

"पुढची भीमजयंती बघेन का मी?"

"डॉक्टरांना तसं वाटत नाही, बाबा."

काका नाही, बाबा म्हणाला. पहिल्यांदा.

मग बाबांचा आवाज, अगदी नेहमीसारखा. "बरं. माझा फोन द्या जरा."

त्यांनी अमरावतीला धाकट्या काकाला फोन लावला. त्या दोघांमध्ये कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. कशावरून, ते आम्हाला मुलांना कधी नीट कळलंच नाही. काका मिळेल ती गाडी पकडून दिल्लीला आला. बाबांना घरी आणल्यावर दोघं भाऊ बाल्कनीत उन्हात बसायचे. एकदा दोघं इतके हसत होते की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

काका शेवटपर्यंत राहिला. जयंतीच्या आधीच बाबा गेले. त्यांचा हात काकाच्या हातात होता.

दादाने अनिकेतशी बोलणं टाकलं होतं. सांगायचा अधिकार तुला कोणी दिला, एवढंच त्याला म्हणाला होता. अगदी स्मशानभूमीतही बोलला नाही.

आज सकाळी घरी बुद्धवंदना झाली. दादा आलाय. काकाही आलाय. काका जेवता जेवता सांगत होता, भावाने तेव्हा फोन केला नसता तर मी त्याला फक्त शेवटचं बघायला आलो असतो.

दादा ताटावरून उठला. अनिकेत हात धूत होता. त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"बरं केलंस सांगितलंस," म्हणाला.

मी दोघांनाही तसंच उभं राहू दिलं.

बाबा, तुमची फार आठवण येते.

जयभीम.